कापसाचे दोन बोळे

सभागृहात बसायला जागा उरली नव्हती, म्हणून लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले होते. आणि ज्यांना कट्टाही लाभला नाही ते पुढच्यांच्या खांद्यांवरून माना लांब करून पाहत होते. व्यासपीठावर मुलांची रांग होती. प्रत्येकाच्या डोळ्यांवर जाड, काळी, आतून स्पंज लावलेली पट्टी. प्रत्येकाची हनुवटी किंचित वर उचललेली, जणू सगळ्यांना एकाच क्षणी शिंक येऊ घातली आहे. आणि ही मुले वाचत होती. कोणी वर्तमानपत्राचा मथळा, कोणी प्रेक्षकांतून आलेल्या औषधाच्या बाटलीवरचे लेबल, कोणी परक्या माणसाच्या ओळखपत्रावरचे नाव. एकेक शब्द बाहेर पडला की सभागृहातून ‘आहाहा’ उठत होते.

या मुलांना शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘गुरुसर’ म्हणत. नुसते गुरू म्हटले तर जुनाट वाटते आणि नुसते सर म्हटले तर शिकवणीवाले वाटतात. दोन्ही मिळून मात्र माणूस एकाच वेळी प्राचीन आणि अद्ययावत होतो. त्यांचा कोट अद्ययावत होता. आवाज प्राचीन होता.

‘‘डोळे म्हणजे काय हो?’’ गुरुसरांनी ध्वनिक्षेपक ओठांना टेकवून विचारले. ‘‘डोळे म्हणजे खिडकी! बघणारा कोण? बघणारा आत बसलाय! आपण जन्मभर खिडकीचं कौतुक केलं आणि घरमालकाला विसरलो! मी फक्त घरमालकाला जागं करतो. याला म्हणतात अंतर्दृष्टी. हा चमत्कार नाही बरं का, हे विज्ञान आहे. मेंदूतल्या लहरी!’’

घरमालक कितीही जागा झाला तरी बंद खिडकीतून त्याला बाहेरचे कसे दिसणार, हा प्रश्न टाळ्यांत बुडाला.

गुरुसर मोठे सावध गृहस्थ. त्यांनी स्वतःच शंका काढली. ‘‘काही जण म्हणतील, पट्टीतून दिसत असेल. या की मग! कोणीही या!’’ कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक पुढे आले. गुरुसरांनी त्यांच्या डोळ्यांवर स्वतःच्या हाताने पट्टी चढवली, नाकावर नीट दाबली आणि वर्तमानपत्र त्यांच्या चेहऱ्यासमोर उभे धरले. ‘‘काय दिसतंय?’’ ‘‘काही नाही. काळोख,’’ दुकानदार म्हणाले. सभागृह पुन्हा धन्य झाले.

मग रांगेच्या टोकाची मुलगी उठली, आणि माझ्या शेजारी बसलेली माझी थोरली बहीण खुर्चीच्या कडेवर सरकली. ती मुलगी म्हणजे तिची लेक, माझी भाची. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती जागेवर थांबत नाही. लहानपणापासून तिच्या नाकावर जाड काचांचा चष्मा. तो काढला की तिला समोरून येणारा माणूस मामा आहे की दूधवाला हे कळत नाही. आज तो चष्मा नव्हता. पट्टी होती. भिंगरीने प्रेक्षकांतून आलेले एक छापील कार्ड हातात घेतले, हनुवटी वर केली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता वाचले.

‘‘चष्म्याशिवाय!’’ गुरुसर गरजले. ‘‘ज्या मुलीला डोळे उघडे ठेवून चष्म्याशिवाय दिसत नाही, ती डोळे बांधून वाचते आहे! आणि येत्या रविवारी हीच मुलगी, हीच पट्टी बांधून, याच सभागृहापासून समोरच्या रस्त्याने बागेच्या फाटकापर्यंत सायकल चालवेल!’’

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ताई रडत होती. माझी पत्नी मात्र टाळी वाजवायची विसरली होती. ती भिंगरीकडे पाहत नव्हती; भिंगरीच्या हातातल्या कार्डाकडे पाहत होती. कार्ड छातीशी होते.

पत्नीची ही नजर मला परिचयाची आहे. शिक्षिका होण्यापूर्वी ती अभियंता होती. लिफ्ट तयार करणाऱ्या एका कारखान्यात ब्रेक तपासणे हे तिचे काम. दोर तुटला, तर लिफ्टखाली बसवलेली पाचर रुळाला घट्ट धरते आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते. ती पाचर खरोखर धरते की नाही, हे ती दोर मुद्दाम सोडून पाहत असे. ही सवय तिने घरीही आणली. नवी खुर्ची आली की ती आधी तिचे चारही पाय हलवून पाहते आणि मगच बसते. लग्नापूर्वी माझीही अशी काही चाचणी झाली असावी असा मला संशय आहे. निकाल मला अद्याप कळवण्यात आलेला नाही.

एकदा त्या कारखान्यात शाळेची सहल आली. एका चिमुरडीने व्यवस्थापकांना विचारले, ‘‘दोर तुटला तर?’’ ते म्हणाले, ‘‘तुटत नाही बाळा.’’ ती म्हणाली, ‘‘पण तुटला तर?’’ व्यवस्थापकांनी घड्याळाकडे पाहिले. माझ्या पत्नीने मात्र सगळ्या मुलांना चाचणीच्या मनोऱ्यापाशी नेले, दोर सोडला, पाचर धरल्याचा तो कर्कश आवाज ऐकवला, आणि मग दुपारभर त्यांच्या प्रश्नांची उत्तरे देत राहिली. संध्याकाळी घरी आली ती वेगळीच. ‘‘कारखान्यात मला सगळे विचारतात, माल कधी पाठवता? ‘तुटला तर?’ असं आज पहिल्यांदा कोणी विचारलं,’’ ती म्हणाली. ‘‘आणि विचारणारीचे पुढचे दोन दात पडलेले होते.’’

वर्षभरात तिने नोकरी सोडली, शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आणि भिंगरीच्याच शाळेत लहान वर्गांना विज्ञान शिकवू लागली. नातलगांनी शोक पाळला. माझी आई म्हणाली, ‘‘लोक वर चढतात. ही खाली उतरली, आणि तेही लिफ्टच्या कारखान्यातून!’’ ताईला तर हा स्वतःचा अपमान वाटला. ‘‘माझी भावजय इंजिनिअर आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते. आता काय सांगू? फुगे फुगवून दाखवते म्हणून?’’ पत्नीने शांतपणे उत्तर दिले होते, ‘‘फुगा का फुगतो ते विचारलंत, तर तेही सांगते.’’ ताईने विचारले नाही.

कार्यक्रम संपल्यावर ताईने आम्हाला आग्रहाने घरी नेले. विजयाचा चहा होता तो.

‘‘काय मग, इंजिनिअरबाई?’’ ताईने कप पुढे केला. ‘‘आता तरी पटलं?’’

‘‘वाचलं छान तिने. चष्मा कुठाय तिचा?’’

‘‘कपाटात. कुलपात ठेवलाय. गुरुसर म्हणाले, कुबडी हाताशी असली की माणूस चालायला शिकत नाही.’’

‘‘ताई, तिला फळा दिसत नाही. पहिल्या बाकावर आणून बसवलंय, तरी शेजारणीच्या वहीत बघून उतरवते.’’

‘‘दिसेल हळूहळू. आतली दृष्टी उघडली की बाहेरची आपोआप सुधारते.’’

‘‘असं कोण म्हणतं?’’

‘‘गुरुसर.’’

‘‘आणि गुरुसर बरोबर म्हणतात असं कोण म्हणतं?’’

‘‘हे बघ, मला शाळेतल्यासारखं विचारू नकोस!’’ ताई उसळली. ‘‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. चष्मा काढला तर या मुलीला दारावरची पाटी वाचता येत नाही. आणि डोळे बांधले की घडाघडा वाचते! याला तुझं विज्ञान काय म्हणतं, ते सांग आधी.’’

न्यायाने बोलायचे तर हा युक्तिवाद तगडा होता. फटीतून पाहत असेल असे म्हणावे, तर फटीतूनही पाहणार ते त्याच अधू डोळ्यांनी. चष्म्याविना आंधळे असलेले डोळे फटीपाशी येताच डोळस कसे झाले? पत्नीने एवढेच विचारले, ‘‘कार्ड कुठं धरलं होतं तिने?’’

‘‘हातात! पायात धरतात का?’’

भावोजी कोपऱ्यात चहा निववीत बसले होते. ते दबक्या आवाजात म्हणाले, ‘‘तो रस्ता उताराचा आहे गं. मोटारी येतात वेगाने. सायकलचं जरा...’’

‘‘तुम्ही बोलूच नका. तुम्हाला उघड्या डोळ्यांनी समोरचा साखरेचा डबा दिसत नाही.’’

भावोजी पुन्हा चहाकडे वळले. पत्नीने कप खाली ठेवला. ‘‘ताई, स्पष्ट बोलते. ती पट्टीच्या खालून बघते. नाकाशेजारी फट राहते तिथून.’’

‘‘म्हणजे माझी मुलगी खोटारडी आहे,’’ ताई हळू म्हणाली. ‘‘एवढ्या लोकांसमोर तिने फसवलं. असंच म्हणायचंय ना तुला?’’

आणि त्याच वेळी आम्हाला दिसले की भिंगरी दारात उभी आहे. जी मुलगी जागेवर थांबत नाही, ती चौकटीला चिकटून निश्चल उभी होती. तिने आईकडे पाहिले, मामीकडे पाहिले, आणि आत निघून गेली.

पत्नीने वाद तिथेच थांबवला. घरी येताना म्हणाली, ‘‘चूक केली मी. मला पट्टी तपासायची होती, आणि मी मुलीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आता ती रविवारी पडली तरी कबूल करायची नाही.’’

‘‘मग तू काय करणार?’’

‘‘जे शिकवायला नेमलंय ते शिकवणार.’’

पुढचे मी तिच्याकडून ऐकले ते असे. पाठ होता ‘प्रकाश सरळ रेषेत जातो’ हा. तिने गुरुसरांचे नावही काढले नाही. जुन्या काळ्या कापडाच्या, आतून स्पंज लावलेल्या, तशाच बेताच्या पट्ट्या शिवून नेल्या होत्या. प्रत्येक मुलाला एकेक देऊन ती म्हणाली, ‘‘बांधा आणि काय काय दिसतं ते सांगा. काही दिसलं नाही तर तेही सांगा. दोन्ही उत्तरं चालतील.’’

थोडा वेळ सगळे म्हणाले, काळोख. मग एक आवाज आला, ‘‘बाई, माझ्या बुटाची नाडी सुटलीय!’’

‘‘तुला कसं कळलं?’’

‘‘दिसली!’’

‘‘मलापण दिसतंय! बाकावर कोणीतरी माझं नाव कोरलंय!’’

‘‘कोणीतरी काय, तूच कोरलंस!’’

‘‘बाई, मान वर केली की जास्त दिसतं!’’

वर्गात एकच गोंधळ झाला. हनुवट्या वर गेल्या, पुस्तके छातीशी आली आणि अवघा वर्ग डोळे बांधून मोठ्याने धडा वाचू लागला. शेजारच्या वर्गाच्या बाई तक्रार करायला आल्या आणि दारातच थबकल्या. मग पत्नीने कापसाचे बोळे वाटले आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना, पट्टीखाली सारायला सांगितले. आवाज एकदम बंद झाला. उजेड फटीतून येत होता. फट बुजली, उजेड संपला, वाचन संपले. तिने फळ्यावर नाक, डोळा, पट्टी आणि पुस्तक यांची आकृती काढून डोळ्यापासून पुस्तकापर्यंत सरळ रेघ ओढली. ती रेघ नाकाच्या कडेने तिरपी खाली उतरत होती.

मधल्या सुट्टीत मुले बाहेर पळाली तेव्हा भिंगरी मागे राहिली. शाळेत ती मामीला कटाक्षाने ‘बाई’ म्हणते. त्या दिवशी विसरली.

‘‘मामी, म्हणजे सगळेच खालून बघतात?’’

‘‘ज्यांना नाक आहे ते सगळे.’’

‘‘गुरुसरांच्या वर्गातले पण?’’

‘‘तुला काय वाटतं?’’

भिंगरीने ओठ चावला. ‘‘मला वाटायचं, त्यांना खरंच दिसतं. आतून. मी एकटीच खालून बघते. गुरुसर म्हणायचे, ज्याच्या मनात संशय असतो त्याला दिसत नाही. म्हणून मी सांगितलंच नाही कोणाला.’’

‘‘आणि सायकल?’’

‘‘फक्त पुढचं चाक दिसतं. आणि थोडा रस्ता.’’ मग घाईघाईने, ‘‘आईला सांगू नकोस! ती त्या दिवशी केवढी खूश झाली होती. माझ्यामुळे कधी इतकी खूश होत नाही ती. गणितात तर नाहीच.’’

‘‘तू आत्ता जे सांगितलंस ते मी आईला सांगणार नाही,’’ पत्नी म्हणाली. ‘‘पण तुला त्या रस्त्यावर जाऊही देणार नाही.’’

या एका खेळावर गुरुसरांचा सगळा व्याप उभा होता, हे इथे नोंदवले पाहिजे. प्रत्येक मूल खालून पाहत होते, आणि प्रत्येकाची समजूत होती की लबाडी आपण एकटेच करतो, बाकीचे मात्र सिद्ध झाले आहेत. गुरुसरांना कोणालाच खोटे बोलायला शिकवावे लागले नाही. त्यांनी खरे बोलणे तेवढे लाजिरवाणे करून ठेवले होते; उरलेले काम मुलांच्या भीतीने आणि आईबापांच्या हौसेने विनामूल्य केले.

रविवारी सभागृहापुढच्या रस्त्यावर दुतर्फा गर्दी जमली. सायकलला फुगे बांधले होते. रस्ता अडवलेला नव्हता. गुरुसरांचे म्हणणे असे की, रस्ता अडवला तर अंतर्दृष्टीचा अवमान होतो. भिंगरी सायकलपाशी पट्टी हातात धरून उभी होती. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. ताई मात्र आनंदाने लाल झाली होती आणि भावोजी उताराकडे पाहत एकसारखा घाम पुसत होते.

गुरुसरांनी प्रास्ताविक आटोपले, तोच पत्नी पुढे झाली. ‘‘गुरुसर, एक विनंती होती. सायकल निघण्याआधी लोकांची पट्टीबद्दल खात्री पटली तर बरं होईल. कोणा मोठ्या माणसाला बांधू या का?’’

‘‘अवश्य!’’ गुरुसरांना हा प्रयोग पाठ होता. ‘‘कोण येतंय?’’

‘‘ताई, तुम्ही येता? तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही.’’

लेकीच्या कीर्तीचा वाटा मिळणार म्हणून ताई तत्काळ पुढे आली. गुरुसर सवयीने पट्टी नाकावर दाबायला निघाले, तेव्हा पत्नी त्यांच्या आणि ताईच्या मध्ये उभी राहिली.

‘‘तुम्ही नका. मुलं आपली आपण बांधतात ना? ताईपण बांधतील. ताई, हलकीच बांधा, श्वास घेता आला पाहिजे. आता हनुवटी वर करा.’’

‘‘हनुवटी कशाला?’’ ताईने विचारले.

‘‘गुरुसरच सांगतात ना, ऊर्जा वरून येते.’’

गुरुसरांना मान डोलवावी लागली. त्यांचेच वाक्य होते. पत्नीने त्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका ताईच्या हातात दिली आणि हात छातीशी टेकवला.

‘‘काळोख आहे सगळा,’’ ताई अभिमानाने म्हणाली.

‘‘समोर बघताय तुम्ही. समोर नाही. पायांकडे बघा.’’

ताई थांबली. ध्वनिक्षेपक जवळच होता, त्यामुळे तिचा पुढचा उद्गार सगळ्या रस्त्याने ऐकला.

‘‘अगं बाई! माझी चप्पल दिसतेय!’’

‘‘आणि हातातला कागद?’’

‘‘ ‘भव्य... अंतर्दृष्टी... सायकल सोहळा...’ अगं, सगळं दिसतंय की! खाली बारीक अक्षरात ‘अपघातास आयोजक जबाबदार नाहीत’ असंपण लिहिलंय!’’

गर्दीत कुजबुज उठली. गुरुसर खरोखर चपळ माणूस. ‘‘अभिनंदन!’’ ते ओरडले. ‘‘बघा, बघा! आईचीही अंतर्दृष्टी जागी झाली! लेकीच्या सहवासानं! एकही तास न करता!’’

काहींनी टाळ्या वाजवल्याही. मागून कोणी तरी म्हणाले, ‘‘मग तास कशाला घेता?’’ आणि टाळ्यांचे हसणे झाले.

‘‘छानच झालं,’’ पत्नी म्हणाली. ‘‘आता बाकी काही बदलायचं नाही. तीच पट्टी, तोच कागद, त्याच ताई. फक्त हे दोन बोळे.’’ तिने कापूस ताईच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली सारला. ‘‘वाचा.’’

‘‘गेलं. काही दिसत नाही.’’

‘‘डावा बोळा काढते.’’

‘‘आलं.’’

‘‘ठेवते परत.’’

‘‘गेलं. अगं, हे तर दाराच्या फटीला फडकं लावल्यासारखं झालं!’’

‘‘कापूस ऊर्जारोधक आहे!’’ गुरुसरांचा आवाज आता फारसा प्राचीन राहिला नव्हता. ‘‘हे शास्त्र आहे! कापूस लहरी शोषतो!’’

‘‘गुरुसर,’’ पत्नीने अगदी वर्गातल्या स्वरात विचारले, ‘‘डोळ्यांवर दोन बोटं जाडीचा स्पंज आहे. त्यातून आरपार जाणारी लहर चिमूटभर कापसाला कशी अडते? आणि ती नेमकी नाकाशेजारीच का अडते? कानाशी कापूस लावला तर का अडत नाही? लावून बघू या का?’’

औषधांच्या दुकानाचे मालक गर्दीतून वाट काढत पुढे आले. ‘‘मला द्या ती पट्टी! त्या दिवशी माझं नाक दाबलं होतं यांनी! आणि पेपर धरला होता तोंडापुढे!’’ लोक आता मोकळेपणाने हसू लागले होते.

हसली नाही ती ताई. तिने बोळे काढून टाकले होते, पण पट्टी तशीच होती. हनुवटी वर करून ती रस्त्याच्या दिशेने चालू लागली. दोन-चार पावले गेली आणि उभ्या सायकलवर आदळली. सायकल खणखणत पडली, एक फुगा फुटला. ताई वाकली नाही. पट्टीखालून पडलेल्या चाकाकडे पाहत राहिली.

‘‘एवढंच दिसतं,’’ ती स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली. ‘‘पायाखालचं. पुढचं काहीच नाही.’’ आणि तिने पट्टी ओरबाडून काढली. ‘‘समोरून मोटार आली असती तर?’’

प्रश्न गुरुसरांना नव्हता, आम्हालाही नव्हता. ती भिंगरीकडे वळली. ‘‘तुला एवढंच दिसणार होतं?’’

भिंगरीने मामीकडे पाहिले. मामीने ना मान हलवली, ना डोळ्यांनी खुणावले. मग ती स्वतःच म्हणाली, ‘‘हो.’’

‘‘मग बोलली का नाहीस गं?’’

‘‘मला वाटायचं, बाकीच्यांना खरंच दिसतं. मला एकटीलाच येत नाही. आणि तू रडलीस त्या दिवशी, आनंदानं. मग कसं सांगणार?’’

त्या दिवशी व्यासपीठावरच्या रांगेत असलेला एक मुलगा गर्दीतून ओरडला, ‘‘मीपण खालूनच बघतो!’’ ‘‘आम्हीपण!’’ दोन जुळ्या बहिणी एका सुरात म्हणाल्या. ‘‘मला तर नीट खालूनपण दिसायचं नाही, मी ही वाचायची तेच म्हणायचो!’’ भिंगरीकडे बोट दाखवत आणखी एक मुलगा म्हणाला. आईबाप आपापल्या मुलांकडे वळून पाहू लागले. कोणाच्या चेहऱ्यावर राग होता. बऱ्याच चेहऱ्यांवर मात्र हायसे वाटल्याची छटा होती, आणि मुलांच्या चेहऱ्यांवर तर नक्कीच.

ताईची एक शंका अजून शिल्लक होती, आणि ती शिल्लक राहू द्यावी अशी नव्हती. ‘‘पण चष्म्याशिवाय कशी वाचायची ही?’’

पत्नीने भिंगरीच्या हातात तीच पत्रिका दिली. पट्टी नाही, चष्मा नाही. ‘‘वाच बघू.’’ भिंगरीने कागद नाकाशी आणला आणि सरळ वाचून दाखवला. पत्नीने तो हातभर लांब नेला, भिंगरी अडखळली. आणखी लांब नेला, ती थांबली.

‘‘तिला लांबचं दिसत नाही, ताई. जवळचं चष्म्याशिवायही उत्तम दिसतं. तुम्ही तिला दारावरची पाटी वाचायला लावून बघितलं, रस्त्यापलीकडचा फलक वाचायला लावून बघितलं. पुस्तक जवळ घेतलं की ओरडायचात, लांब धर म्हणून. त्यामुळे चष्मा काढून जवळचं वाचते की नाही, हे बघायचं राहूनच गेलं. आणि पट्टीखालच्या फटीतून फक्त जवळचंच दिसतं. तिच्या डोळ्यांना सोयीचं तेवढंच.’’

मला न सुटलेले कोडे असे एका कागदाने सुटले. अधू डोळे फटीपाशी येऊन डोळस झाले नव्हते. ते जवळच्या वस्तूंसाठी कधी अधू नव्हतेच.

ताई म्हणाली, ‘‘एवढं साधं होतं तर त्या दिवशी चहा पिताना का नाही सांगितलंस?’’

‘‘सांगितलं होतं. तुम्ही मला हाकलणार होता.’’

‘‘हाकललं असतं, तरी परत यायचं! भावजय आहेस ना माझी?’’ ताईने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळली. ‘‘आणि तुम्ही! तुम्ही म्हणत होता ना उताराचं? मग जोरात का नाही बोललात?’’

भावोजी सायकलचे फुगे सोडण्यात गढले होते.

या गडबडीत गुरुसर पट्ट्या गोळा करून निघून गेले. जाताना ते कोणा एकाला सांगत होते की, नकारात्मक माणसे जमली की शक्ती काम करत नाही. हे मात्र शंभर टक्के खरे आहे. जी शक्ती प्रश्न विचारल्यावर काम करत नाही, तिचे नाव लबाडी. खऱ्या गोष्टींना नकाराची बाधा होत नाही: लिफ्टची पाचर तिच्यावर विश्वास नसलेल्या माणसालाही वाचवते, आणि चष्मा घालणाऱ्याची चष्म्यावर श्रद्धा नसली तरी फळा दिसतोच. दुसऱ्या दिवशी, कपाटातून बाहेर निघालेल्या चष्म्यातून, भिंगरीला तो दिसला. ती पहिल्या बाकावरून उठून आपल्या जुन्या जागी, खिडकीशेजारी जाऊन बसली आणि तास संपेपर्यंत तिने बाईंना इतके प्रश्न विचारले की घरी आल्यावर पत्नीचा घसा बसला होता.

वाचकांना माझे सांगणे थोडेच आहे. तुमच्या मुलाच्या अंगी अद्भुत शक्ती आली असे कोणी सांगितले, तर आनंदाश्रू ढाळण्यापूर्वी तो प्रयोग स्वतःवर करून पाहा. जसा मूल करते तसाच, दाखवणारा सांगतो तसा नव्हे. मग त्यातली एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, आणि काय होते ते पाहा. यासाठी कुठल्याही पदवीची गरज नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: ‘मला येत नाही’, ‘मला दिसत नाही’ हे शब्द तुमच्या घरात मुलाला न घाबरता उच्चारता आले पाहिजेत. ज्या घरात ते बोलता येतात, त्या घरात असल्या माणसाला करायला काही काम उरत नाही.